देर्नाने जुळवलेले ओठ

देर्ना पाल्लोत्ता बोलायला शिकली ती आधी हातांनी. तिची आई क्विंतिना चार वर्षांची असताना मेंदूज्वराने बहिरी झाली होती. बोलायची, पण तुटक आणि ओबडधोबड. ते बोलणं फक्त देर्नालाच कळायचं. बाप गवंडी होता. लढाईवर गेला तो परत आलाच नाही. रोमच्या पिएत्रालाता वस्तीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत मायलेकी राहायच्या. क्विंतिना लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची आणि देर्ना पाच वर्षांची असल्यापासून आईचं तोंड होऊन पावाच्या दुकानात, दवाखान्यात, घरमालकाकडे जायची.

क्विंतिनाला ऐकू येत नव्हतं, पण तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. समोरच्या इमारतीत खिडक्या बंद करून नवरा-बायको भांडायला लागले, की जिन्यातल्या बायका आमच्या या क्विंतिनाभोवती गोळा व्हायच्या.

"काय म्हणतोय गं तो?"

क्विंतिना काचेआडचे ओठ वाचायची, हातांनी सांगायची आणि देर्ना मोठ्याने बोलून दाखवायची. "म्हणतोय, तुझ्या आईच्या घरी जा. ती म्हणतेय, आई मेली तेव्हा तू कुठल्या खानावळीत होतास?" मग सगळा जिना हसायचा. एकदा भर चर्चमध्ये पाद्रीबाबा घंटा वाजवणाऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटले, ते क्विंतिनाने टिपलं आणि देर्नाने घरी येऊन सांगितलं. त्यावरून वस्तीत महिनाभर गदारोळ झाला.

एकोणिसाव्या वर्षी देर्नाला तिबुर्तिना रस्त्यावरच्या एका फिल्म स्टुडिओत काम मिळालं. संकलनाच्या खोलीत फिल्मचे तुकडे डब्यात भरायचे, डब्यांवर आकडे लिहायचे, फरशी झाडायची. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत एकाने फाटकाबाहेरच्या बहिऱ्या पेपरवाल्याची नक्कल केली. वेडंवाकडं तोंड, घशातले आवाज. सगळे हसले. देर्नाही हसली. लगेच कुणीतरी सहज विचारलं, "तुझ्या घरी कोण असतं गं?"

"कुणी नाही. आई गावाला असते."

बोलून गेली ती गेली. ती थाप पुढे नऊ वर्षं तशीच राहिली.

त्या नऊ वर्षांत ती झाडूवरून मूव्हिओलाच्या, म्हणजे फिल्म बघत कापायच्या यंत्राच्या, टेबलापर्यंत पोचली. प्रमुख संकलक रुज्जेरो बास्तियानेल्ली साठीला टेकलेले होते. त्यांनी उमेदीत रोमन सम्राटांचे आणि दर्यावर्दी सरदारांचे सिनेमे कापले होते आणि आता त्यांच्या नशिबी गाण्यांचे सिनेमे आले होते. साठ-पासष्टच्या त्या वर्षांत तबकडी खपली की तिच्यावर सिनेमा निघायचा. गाण्याचं नाव तेच सिनेमाचं नाव, गाणारा पोरगा तोच नायक, गोष्ट पोस्टकार्डावर मावेल एवढी, चित्रीकरण अठरा दिवसांत खलास. रुज्जेरो साहेब अशी रिळं दोन बोटांनी उचलायचे, जणू मेलेला उंदीर.

"सिनेमा नाही हा, देर्ना. हे तबकडीचं वेष्टण आहे."

"मग वेष्टण तरी नीट बसवू या, साहेब."

गाणं असं घ्यायचे: सेटवर तबकडी लावायची, गायकाने तिच्याबरोबर नुसते ओठ हलवायचे. आवाज तिथे धरलाच जात नसे. मग संकलनात तबकडीचा आवाज आणि पडद्यावरचे ओठ एकमेकांना भेटवायचे. हे भेटवणं देर्नासारखं कुणालाच जमत नसे. सेकंदाला चोवीस चित्रं पळतात. त्यातलं एक चित्र पुढेमागे झालं तरी ती म्हणायची, "आवाज मागे पडला." साहेब चष्मा पुसून तीनदा बघायचे आणि गुपचूप तिने दाखवलेल्या ठिकाणी कापायचे.

पासष्टच्या जुलैत त्यांच्याकडे निको लांपोचा सिनेमा आला. निको बारीच्या बाजूचा, कोळ्याचा पोरगा, बावीस वर्षांचा, कपाळावर केसांची झुलपं आणि डोळ्यांत खट्याळपणा. गोष्ट अशी, की समुद्रकाठच्या नाचघरात वेटर असलेल्या पोराला एक श्रीमंत मुलगी सोडून जाते आणि तो गाऊन तिला परत बोलावतो. गाण्याचं धृपद होतं, "परत ये". सिनेमा जवळजवळ कापून झाला होता. अडतीस अंश उन्हात, सत्तावीस जुलैला, निर्माते सान्तोपाद्रे शेठ नवी तबकडी काखेत मारून घामाघूम होऊन खोलीत शिरले.

"ऐका," म्हणाले आणि तबकडी लावली.

चाल तीच होती. आवाजही निकोचाच. पण धृपद बदललं होतं. 'परत ये'च्या जागी निको ठणकावून गात होता, "पार्ती पूरे!" म्हणजे, जा खुशाल!

रुज्जेरो साहेबांनी कपाळाला हात लावला. "हे कुणी केलं?"

"तबकडीवाल्यांनी. म्हणे रडकी गाणी पोरांना नको झालीत. आणि बरोबर निघालं की हो त्यांचं! दहा दिवसांत किनाऱ्यावरच्या एकूण एक टपरीत हेच वाजतंय. सिनेमाचं नावही आता तेच. भित्तिपत्रकं छापली. बारा ऑगस्टला, पंधरा तारखेच्या सणाच्या आधी, पडद्यावर पाहिजे."

"पडद्यावर तो 'परत ये' म्हणतोय, शेठ. निकोला बोलवा, पुन्हा घेऊ."

"निको सैन्यात भरती झालाय. सक्तीची नोकरी. उत्तरेला सरहद्दीवर आहे, डोक्याचा गोटा केलाय त्याच्या. सुट्टी मिळाली तरी तो तुरुंगातून सुटलेल्या चोरासारखा दिसेल."

साहेब म्हणाले, मग धृपदाच्या वेळी नाचणाऱ्या पोरी दाखवू, समुद्र दाखवू, निकोची पाठ दाखवू.

"पाठ?" शेठ ओरडले. "पोरी पैसे देऊन पाठ बघायला येतात काय? धृपदाला मला तोंड पाहिजे. चारही वेळा!"

देर्ना टेबलाशी उभी होती. हातात पांढरी पेन्सिल होती. म्हणाली, "मी बसवते."

"काय बसवतेस?"

"नवे शब्द. त्याच्याच तोंडात."

साहेब हसले. "अगं, त्याने म्हटलेच नाहीत ते शब्द! कुठून आणणार?"

"ते मला अजून माहीत नाही. पण बारा तारखेच्या आत आणते."

शेठनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, टोपी घातली आणि निघून गेले. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हताच.

देर्नाने तबकडी पन्नास वेळा लावली आणि एका कागदावर तोंडं काढली. मिटलेलं, उघडं, पुन्हा मिटलेलं, मग चंबू. 'पार्ती पूरे'ला एवढंच लागत होतं. जुन्या 'परत ये'मध्ये, मूळ इटालियन शब्दांत, ओठ मुळी मिटतच नव्हते. म्हणजे वापरात असलेल्या फिल्ममध्ये काही मिळणार नव्हतं. राहिली काटछाट: चौदा डबे भरून टाकाऊ तुकडे. कॅमेरा सुरू झाल्यापासून तबकडी लागेपर्यंत आणि तबकडी थांबल्यापासून कॅमेरा बंद होईपर्यंत निको जे काही बडबडला होता, ते सगळं त्यात होतं. तेच नाचघर, तोच चट्टेपट्टेरी सदरा, तोच उजेड. फक्त आवाज नाही.

दोन दिवस तिने तुकड्यामागून तुकडा सरकवला. निको बोलतोय, हातवारे करतोय, पण काय बोलतोय? ओठ कुठे मिटणार याचा अंदाज लागेपर्यंत तुकडा संपायचा. दोन दिवसांत फक्त तीन जागा सापडल्या, त्यातल्या दोन वाकड्या. लहानपणापासून ओठ वाचत आली होती खरी, पण तिला कान होते, आणि कान असलेल्या माणसाचे डोळे आळशी असतात. हे काम कोण करू शकेल हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती त्या विचाराच्या आजूबाजूने चालत होती, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, "साहेब, उद्या माझी आई इथे येईल. मशिनपाशी बसेल."

"आई? गावाहून येतेय?"

"गावाला नसते ती. कधीच नव्हती. बसने चार थांबे, पिएत्रालातात. बहिरी आहे. मी नऊ वर्षं खोटं बोलले."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पेपरवाल्याची नक्कल करणारा तो गधा दोन वर्षांपूर्वीच काम सोडून गेला."

"तो गेला, पण हसलेली मी इथेच आहे."

घरी आईला सांगणं आणखी कठीण गेलं. क्विंतिनाने इस्त्री उभी करून ठेवली आणि लेकीच्या हातांकडे नीट पाहिलं.

"म्हणजे तुझ्या कामावर मी गावाला असते?" तिने हातांनी विचारलं.

"हो."

"बरी आहे का तिथे माझी तब्येत?"

क्विंतिनाने इस्त्री पुन्हा उचलली, एक अख्खी चादर संपवली, घडी घातली, आणि मग विचारलं, "कपडे कोणते घालू? काळा झगा गरम होईल."

दुसऱ्या दिवशी ती काळा झगाच घालून आली. हातात मोर्तादेल्ला सॉसेजचे काप भरलेल्या पावाची पुरचुंडी होती, तिघांना पुरेल एवढी. रुज्जेरो साहेब उठून उभे राहिले. काय करावं न कळून मोठ्याने म्हणाले, "नमस्कार, बाई!"

क्विंतिनाने देर्नाला खूण केली: "सांग याला, ओरडू नको. मिशा कमी कर. त्यांच्यामागे ओठच दिसत नाहीत."

देर्नाने जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी मिशीवर हात फिरवला आणि खुर्ची पुढे केली.

मूव्हिओलाच्या छोट्या काचेवर निको हलू लागला, आणि पाचव्या मिनिटाला क्विंतिना पोट धरून हसायला लागली.

"काय म्हणतोय?"

"शिव्या देतोय. डासांना. त्या नाचघराजवळ पाणथळ असणार. 'मान्नाज्जा! मान्नाज्जा!' एकसारखं तेच."

देर्ना ताडकन सरळ झाली. "थांब. 'मान्नाज्जा'ला ओठ मिटतात, मग 'आ' उघडतो."

"मग?"

"मला 'पा' पाहिजे."

क्विंतिनाने खांदे उडवले. "प काय, ब काय, म काय. मला तिघं सारखेच. एकाच दारातून येतात, आत आल्यावर कोण ते तुम्ही कानवाले ओळखता."

इतकी वर्षं ओठांवर काम करून देर्नाने हे असं मांडून पाहिलं नव्हतं. ती 'प' शोधत होती. आता तिला तिप्पट शोधता येणार होतं. निको वीजवाल्यावर खेकसला होता, "मुओव्हिती!", हल की लवकर! त्यात मिटलेले ओठ होते आणि लगेच चंबूही. झाली 'पूरे'ची सोय. मग क्विंतिना तुकड्यामागून तुकडा वाचत गेली आणि देर्ना पांढऱ्या पेन्सिलीने खुणा करत गेली. भूक लागली. हा सदरा टोचतोय. ती मुलगी लसूण खाऊन आली आहे. एका तुकड्यात निको कॅमेऱ्याकडे पाठ फिरवता फिरवता काहीतरी म्हणाला. ते वाचून क्विंतिनाचे हात थांबले.

"काय गं?"

"म्हणतोय, 'मला बोलावण्याचं पत्र आलंय, चित्रीकरण संपेपर्यंत कुणाला सांगू नका.' सैन्याचं असेल. त्याला आधीच माहीत होतं. भ्यालाय पोरगा." आणि त्यानंतर निको शिव्या द्यायला लागला की ती हसेना.

चार दिवसांत तीन धृपदं बसली. डासांची शिवी, मग मुलीचा चेहरा, मग वीजवाल्यावरचं खेकसणं. मध्ये मुलीचा चेहरा असल्यामुळे सांधा दिसत नव्हता. पण चौथं धृपद सगळ्यात लांब होतं. तिथे सूर ताणलेला, आणि शेठना चेहरा पडदाभर पाहिजे होता, मध्ये काही नको. दोन्ही शब्द सलग लागणार होते.

"ते सोड," साहेब म्हणाले. या वेळी ते टोमणा मारत नव्हते, दमले होते. "तीन पुष्कळ झाली. चौथ्याला समुद्र दाखवू."

"शेठला मी चार सांगितलीत."

"शेठला कळणारही नाही."

"मला कळेल ना, साहेब. पोरं चौथ्यांदाच सगळ्यात मोठ्याने म्हणणार. आणि नेमका तेव्हाच याने तोंड लपवायचं?"

अकरावा डबा संपला, बारावा संपला. क्विंतिनाचे डोळे लाल झाले होते. देर्ना म्हणाली, उद्या बघू. आईने मानेनेच नकार दिला आणि तेराव्या डब्याकडे बोट केलं. त्यातल्या एका तुकड्यात रंगभूषा करणारी बाई पावडरीचा पुंजका घेऊन निकोच्या तोंडाशी येत होती. सगळे त्याला दिवसभर छळत होते, आणि आता हीसुद्धा. वैतागून, लांबलचक सुरात, तो तिच्यावर ओरडला. क्विंतिनाने टेबलावर थाप मारली.

"'मा पूरे तू!' म्हणतोय. अगं, तूसुद्धा!"

'माऽऽ पूरे.' ओठ मिटले, 'आ' ताणला, पुन्हा मिटले, चंबू झाला. अख्खं 'पार्ती पूरे', एकाच तोंडात, एकाच दमात. शेवटच्या 'तू'वर पावडरीचा पुंजका चौकटीत यायचा. त्याच्या सात चित्रं आधी तुकडा तेवढा कापायचा होता.

बसलं की नाही हे तपासायला देर्ना आईच्या मागे उभी राहिली आणि गाण्याचा ठेका तिच्या खांद्यावर बोटांनी धरला. आईने काचेवरच्या ओठांवरून नजर हलवली नाही.

"इथे तो तुझ्या बोटांच्या आधी तोंड उघडतो."

देर्नाने एक चित्र वाढवलं. पुन्हा लावलं.

"अजून. केसभर."

आणखी एक. पुन्हा. अकराव्या खेपेला क्विंतिनाने नुसता पाव उलगडला आणि खायला लागली. रुज्जेरो साहेबांनी तबकडीचा आवाज वाढवला, काचेकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

नऊ ऑगस्टला शेठ बघायला आले. चौथं धृपद संपलं तेव्हा पुढे सरसावून बसलेले होते. "हे कधी गायला हा? भरतीच्या आधी?"

"गायलाच नाही," साहेब म्हणाले. "हिने आणि हिच्या आईने गायलं."

शेठ खूश झाले. देर्नाचे दोन्ही हात धरून हलवले, काय पाहिजे ते माग म्हणाले. देर्नाने शेवटचं रीळ तेवढ्यात डब्यात घातलं होतं आणि डबा मांडीवर घेतला होता.

"नावं पाहिजेत. सुरुवातीच्या पाटीवर. माझं आणि आईचं."

"ओठ जुळवणाऱ्यांची नावं? अगं, कोण वाचतं ती?"

"नका वाचू. पण लिहा."

"तुझं एक वेळ घालतो. पण आई... ती काय नोकरीला आहे इथे? उद्या हमालही मागेल."

"मग मागू दे. आईशिवाय हे रीळ नाही, शेठ. हवं तर मला काढून टाका. पण डबा तुम्हालाच माझ्या मांडीवरून उचलावा लागेल."

शेठ लाल झाले. म्हणाले, पाट्या कधीच चित्रित झाल्या, जागा नाही. रुज्जेरो साहेब पुरचुंडीतला उरलेला पाव चावत होते. घास गिळून म्हणाले, "माझं नाव फार मोठ्या अक्षरांत आहे. बारीक करा. दोघी मावतील."

बारा ऑगस्टला सिनेमा लागला. वर्तमानपत्रांनी दोन ओळींत निकाल लावला: टाकाऊ. रविवारी दुपारच्या खेळाला पिएत्रालातातल्या चित्रपटगृहात उभं राहायला जागा नव्हती. पाटीवर 'देर्ना आणि क्विंतिना पाल्लोत्ता' अशी अक्षरं आली. आमच्या जिन्यातल्या बायकांनी अशी आरोळी ठोकली, की पुढच्या ओळीतल्या पोरांनी "गप्प बसा की म्हाताऱ्यांनो!" म्हणून शिट्ट्या मारल्या. चौथ्या धृपदाला सगळं थिएटर निकोबरोबर गात होतं. कुणालाही काही खटकलं नाही. क्विंतिनाला मात्र गोष्ट आवडली नाही. बाहेर आल्यावर हातांनी म्हणाली, "जा खुशाल म्हणतो आणि शेवटी तिच्याच मागे धावतो. वेडा आहे का?"

"आधी 'परत ये' होतं ना, आई."

"मग धावणंही कापायचं होतंस."

त्या दिवसापासून गाण्याचा सिनेमा आला की निर्माते आधी पाल्लोत्ताबाईंना विचारायचे. देर्नाने सहा वर्षांत तेहतीस सिनेमांची गाणी जुळवली. अवघड जागा आली की क्विंतिना काळा झगा घालून बसने यायची. फाटकावरचा पहारेकरी तिला पाहून तोंड नीट उघडून, सावकाश "या, बाई" म्हणायला शिकला. पुढे लोकांचा ओढा दुसऱ्या सिनेमांकडे वळला, गाण्यांचे सिनेमे बंद पडले, रुज्जेरो साहेब निवृत्त झाले. देर्ना परदेशी चित्रपटांच्या भाषांतराकडे गेली. अमेरिकन ओठांत इटालियन वाक्यं बसवायची. तिथेही ती आधी मिटलेल्या ओठांवर खुणा करायची, आणि हाताखाली येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगायची, "कान बंद करून बघ आधी."

पासष्टच्याच नोव्हेंबरात निको लांपो सुट्टीवर आला होता. गणवेशात, गोटा केलेल्या डोक्याने, एका दुपारी तो संकलनाच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्याला ओळखायला देर्नाला क्षणभर लागला.

"ऐकलंय मी सगळं. माझ्या शिव्या वाचणाऱ्या बाई कुठे आहेत?"

क्विंतिना त्या दिवशी तिथेच होती. तिने त्याला खिडकीपाशी उजेडात नेलं, आपल्या इस्त्रीने खरबरीत झालेल्या दोन्ही हातांत त्याची हनुवटी धरली आणि तुटक आवाजात म्हणाली, "बोल. हळू."

निकोने देर्नाकडे एकदा पाहिलं, तिच्याकडे पाठ केली आणि आवाज न करता बोलू लागला. बराच वेळ बोलला. क्विंतिना मान हलवत राहिली. मग तिने त्याच्या गोट्यावरून हात फिरवला, पिशवीतला पाव त्याच्या खिशात कोंबला आणि त्याला वाटेला लावलं.

"काय म्हणाला?" देर्नाने विचारलं.

क्विंतिनाने दोन्ही हात झग्याच्या खिशांत घातले, आणि ते काही तिने बाहेर काढले नाहीत.